नजरगहाणातली मोटार आणि तिची अदलाबदल

ओरोस येथे वसविलेल्या सिंधुदुर्गनगरीत परिवहन खात्याचे जे कार्यालय आहे, त्याच्या दफ्तरी मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ, सावंतवाडी आदी तालुक्यांतून फिरणाऱ्या व ‘एमएच ०७’ हा क्रमांक धारण करणाऱ्या प्रत्येक मोटारीची नोंद असते. आणि ज्या कुटुंबाने कर्ज काढून गाडी घेतली त्याच्या नोंदीत मालकाच्या नावाखाली आणखी एक नाव असते, ते पैसे पुरविणाऱ्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे. परिवहन कार्यालयाच्या आवारात या दुसऱ्या नोंदीला ‘एचपी’ म्हणतात. ती ‘चढते’ आणि ‘उतरते’. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढावा, आणि तो उतरेपर्यंत शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा व्यवहार मोकळेपणाने करता येऊ नये, तसाच हा प्रकार होय. जमिनीवरील बोजा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण सामाईक हिश्शांच्या जमिनीत वावरताना त्याने तो पदोपदी अनुभवला आहे; परंतु हीच जाणीव मोटारीच्या बाबतीत मात्र तो विसरतो, आणि हप्ते चालू असलेली गाडी देऊन नवी घेण्याच्या प्रसंगी जे अनर्थ ओढवतात त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या विस्मरणात असते. प्रस्तुत प्रकरणात या व्यवहाराचे स्वरूप जरा सविस्तर पाहावयाचे आहे.

वस्तू तारण ठेवून तिच्यावर कर्ज काढणे ही कल्पना आधुनिक नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनी गहाणाला ‘आधि’ असे नाव देऊन त्याचे गोप्य आणि भोग्य असे प्रकार पाडले होते, म्हणजे सावकाराने जपून ठेवावयाचे ते गोप्य व उपभोगावयाचे ते भोग्य. याज्ञवल्क्यस्मृतीत तारण असलेल्या कर्जावर दरमहा ऐंशीवा हिस्सा, म्हणजे सव्वा टक्का, व्याज सांगितले आहे. आणि अरण्यमार्गाने जाणाऱ्या व्यापाऱ्याला शेकडा दहा व समुद्रगमन करणाऱ्याला शेकडा वीस, तेही दरमहा, असा जबर दर लावण्याची मुभा दिली आहे. धोका जितका मोठा तितके व्याज अधिक, हे तत्त्व गलबतांवर जगणाऱ्या आपल्या किनाऱ्याला शास्त्र न वाचताही कळले असले पाहिजे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच स्मृतीतील दुसरा एक नियम अधिक महत्त्वाचा आहे: एकाच वस्तूविषयी गहाण, दान अथवा विक्री असे दोन व्यवहार झाले, तर आधीचा व्यवहार बलवत्तर ठरतो. एका माणसाकडे गहाण टाकलेली वस्तू दुसऱ्याला विकली, तर विकत घेणाऱ्याने कितीही रोकड मोजली असली तरी गहाणदाराचा हक्क प्रथम उभा राहतो. आजचा मोटार वाहन कायदा याहून निराळे काही सांगत नाही.

जुन्या दस्तऐवजांतून ताबेगहाण आणि नजरगहाण असा भेद आढळतो. ताबेगहाणात वस्तू सावकाराच्या कबजात जाते. नजरगहाणात ती ऋणकोच्याच घरी राहते, सावकाराचा फक्त हक्क तिच्यावर खिळलेला असतो. सोन्याचे दागिने ठेवून जे कर्ज मिळते ते पहिल्या जातीचे, मोटारीवर मिळते ते दुसऱ्या. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने ताबा देऊन केलेल्या तारणाचे नियम सविस्तर लिहिले, पण नजरगहाणाची व्याख्या त्यात केली नाही. ती कायद्याच्या पुस्तकात स्पष्टपणे आली २००२ साली, बँकांच्या थकीत कर्जांच्या वसुलीसाठी झालेल्या सर्फेसी अधिनियमात. दरम्यानच्या काळात व्यवहार अर्थातच थांबला नव्हता.

मोटारीच्या पूर्वी हप्तेबंदीचा मोठा प्रश्न उपस्थित केला तो एका पियानोने. इंग्लंडात ब्रूस्टर नावाच्या गृहस्थाने हेल्बी यांच्याकडून मासिक भाड्याने पियानो घेतला, सर्व भाडी फिटल्यावर तो त्याचा व्हावयाचा होता. पण मध्येच त्याने तो मॅथ्यूज नामक सावकाराकडे गहाण टाकला. १८९५ साली उमरावांच्या सभागृहाने निर्णय दिला की ब्रूस्टरने तो विकत घेण्याचे बंधन पत्करलेच नव्हते, तो केवळ भाडेकरू होता, सबब पियानो हेल्बीला परत मिळाला पाहिजे. भाडेखरेदी या पद्धतीचा पाया या निर्णयाने पक्का झाला. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सने १९१९ साली स्वतःची वित्तसंस्था काढून गिऱ्हाइकाला आधी गाडी व मागाहून हप्ते अशी सोय दिली. हेन्री फोर्ड यांना कर्ज नापसंत, म्हणून त्यांच्या कंपनीने १९२३ साली आठवड्याला पाच डॉलर साठवा आणि रक्कम पुरी झाल्यावर गाडी न्या, अशी उलट योजना काढली. लोकांनी कोणती पसंत केली हे सांगावयास नको. जनरल मोटर्सचे धुरीण आल्फ्रेड स्लोन यांनी मोटारबाजाराचे रूप पालटविणाऱ्या गोष्टींत हप्तेबंदी आणि जुनी गाडी मोबदल्यात घेणे या दोहोंची गणना शेजारी-शेजारी केली आहे, आणि ते यथार्थ आहे. कारण हप्त्यावर घेतलेली गाडी हप्ते संपण्यापूर्वीच देऊन नवी घ्यावी ही इच्छा या दोन सोयींच्या संगमातूनच जन्मास येते.

आपल्याकडे मद्रासेत टी. एस. संथानम यांनी १९५४ साली सुंदरम फायनान्सची स्थापना केली आणि मालमोटारी हप्त्यांवर देण्याचा व्यवसाय देशात रूढ होत गेला. संसदेने १९७२ साली भाडेखरेदी अधिनियम संमत केला खरा, पण तो कधीच अंमलात आणला गेला नाही व २००५ साली रद्द झाला. त्यामुळे आज कर्जाऊ गाडीच्या मालकाला ज्याचा आधार घ्यावयाचा तो कायदा म्हणजे १९८८ चा मोटार वाहन अधिनियम, आणि त्यातील ५१ वे कलम. ज्या वित्तपुरवठादाराचे नाव नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले आहे, त्याच्या लेखी संमतीवाचून त्या गाडीच्या मालकीबदलाची कोणतीही नोंद करता येणार नाही, असे हे कलम निःसंदिग्धपणे सांगते. नमुना ३४ भरून बोजा चढतो, नमुना ३५ भरून उतरतो, आणि या दुसऱ्या नमुन्यावर मालक व बँक दोघांच्याही सह्या लागतात. विक्रीसाठी नमुना २९ आणि ३० हे निराळे.

आता हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर विशेष तीव्रतेने का उभा राहतो, ते पाहू. माझ्या मते त्याची कारणे दोन आहेत, आणि दोन्ही येथील निसर्गातून आलेली आहेत.

पहिले कारण ऋतूचे. मालवणी मुलुखातील बहुतेक मिळकत बारमाही नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी शासनाच्या हुकुमाने बंद असते; होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात. हापूसचा पैसा येतो तो साधारणतः मार्च ते मे या अवधीत, आणि तोही हवामानाने साथ दिली तर. तारकर्ली, देवबाग, वायरी या पट्ट्यात निवासव्यवस्था चालविणाऱ्यांची कमाई दिवाळीपासून मे अखेरपर्यंत, आणि पावसाळ्यात खोल्या रिकाम्या. बँकेचा हप्ता मात्र दरमहा एकाच तारखेस, एकाच रकमेचा असतो. मृगाच्या पावसात समुद्र खवळला आहे, की मे महिन्यात पाहुण्यांना जागा पुरत नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पीककर्जाची परतफेड पिकाच्या हंगामाशी जुळवून घेण्याची बुद्धी आपल्या सहकारी पतव्यवस्थेला फार पूर्वी सुचली. मोटारीच्या कर्जाच्या बाबतीत तीच बुद्धी अद्याप व्हावी तशी वापरली जात नाही, ही मला मोठी उणीव वाटते. परिणामी असे होते की मे महिन्यात हाती पैसा असताना मनुष्य मोठ्या गाडीचा विचार करतो, अथवा श्रावणात हप्ता तुंबल्यावर लहान गाडीचा. दोन्ही वेळी जुन्या गाडीचे कर्ज अर्धेअधिक शिल्लक असते.

दुसरे कारण खाऱ्या वाऱ्याचे. देवबागसारख्या गावात, जेथे एका बाजूला कर्ली नदी व दुसऱ्या बाजूला समुद्र, तेथे घराच्या खळ्यात उभी असलेली गाडी अहोरात्र क्षाराच्या सूक्ष्म तुषारांत न्हाऊन निघते. त्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. लोखंड, पाणी आणि मीठ यांचा संयोग झाला की गंजण्याची क्रिया कैकपटींनी त्वरेने होते, कारण क्षारयुक्त पाणी विजेचे वहन चांगले करते आणि गंजणे ही मुळात विद्युत्‌रासायनिक क्रिया आहे. दर्शनी पत्रा रंगाने झाकलेला असल्यामुळे मालकाला हे वर्षानुवर्षे दिसत नाही. खालची बाजू, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, दारांचे तळ यांतून प्रथम क्षय सुरू होतो. म्हणूनच करूळ किंवा आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर-बेळगावच्या बाजारात गेलेल्या किनाऱ्यावरच्या गाडीला तेथील जाणता दलाल आधी वाकून खालून पाहतो. कर्ज बँकेच्या तक्त्याप्रमाणे फिटत असते, मोल मात्र समुद्राच्या वेगाने उतरत असते. या दोन वेगांतील अंतर हाच अदलाबदलीच्या व्यवहाराचा गाभा आहे.

ते अंतर आकड्यांनी स्पष्ट करून दाखविणे इष्ट होईल. समजा, एका गृहस्थाने ७,५०,००० रुपयांची लहान गाडी घेतली. दीड लाख पदरचे घातले आणि ६,००,००० रुपये साडेनऊ टक्के व्याजाने सात वर्षांच्या मुदतीवर घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ९,८०६ रुपये येतो. तीन वर्षांत तो ३,५३,००० रुपये भरतो, आणि आपले अर्ध्याहून अधिक कर्ज फिटले असे प्रामाणिकपणे समजतो. वस्तुस्थिती निराळी असते. आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा असल्यामुळे मुदलातून फक्त सुमारे २,१०,००० रुपये कमी झालेले असतात व ३,९०,००० रुपये शिल्लक असतात. आता त्याला कर्ज मुदतपूर्व फेडावयाचे, तर करारात तसे लिहिले असल्यास त्याचा आकार पडतो. तो चार टक्के धरला तर १५,६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २,८०८ रुपये. म्हणजे बोजा उतरविण्यासाठी एकंदर ४,०८,४०८ रुपये लागतील.

दुसऱ्या बाजूला गाडीचे मोल. विमा कंपन्या तीन वर्षे उलटलेल्या गाडीची किंमत त्या नमुन्याच्या नव्या गाडीच्या चालू किमतीतून ४० टक्के घसारा वजा करून धरतात. त्या हिशेबाने ४,५०,००० रुपये. इतके मिळाले तर गृहस्थाच्या हाती ४१,५९२ रुपये उरतात व तेवढीच त्याची नव्या गाडीतील भर होय. गंजलेल्या तळामुळे व्यापाऱ्याने चारच लाख सांगितले, तर गाडी देऊनही साडेआठ हजारांच्या आसपास रक्कम खिशातून घालावी लागते. आणि सरकारी धोरण बदलले तर? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील कर २८ टक्के व वरचा उपकर येथून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी घेणाऱ्याला हा मोठाच दिलासा होता. परंतु एक टक्का उपकर असलेल्या साडेसात लाखांच्या पेट्रोल गाडीची किंमत त्या प्रमाणात उतरली तर ती सुमारे ६,८६,००० होते, आणि तिच्या ६० टक्के म्हणजे ४,१२,००० हे जुन्या गाडीचे नवे मोल ठरते. कर्जाच्या बाकीत मात्र एका पैशाचाही फरक पडत नाही. ज्यांनी दीर्घ मुदतीची कर्जे काढली होती त्यांच्यापैकी अनेकांच्या गाडीचे मोल असे रातोरात बाकीच्या जवळ, क्वचित खालीही, येऊन ठेपले. सात-सात वर्षांच्या मुदतीला मी अनुकूल नाही, ते याच कारणाने: हप्ता हलका वाटतो, पण मुदतीचा मोठा भाग मनुष्य आपल्या गाडीच्या मोलाएवढ्याच ऋणात वावरत असतो.

आता प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो ते पाहू. कुडाळ अथवा कणकवलीच्या विक्रीदालनात ‘जुनी द्या, नवी न्या’ म्हणून जे एकच काम भासते, त्यात वास्तविक तीन स्वतंत्र व्यवहार गुंफलेले असतात: जुन्या कर्जाची फेड, जुन्या गाडीची विक्री आणि नव्या कर्जाचा करार. तिन्ही एका बैठकीत, एकाच मेजावर होत असल्यामुळे गिऱ्हाईक शेवटचा आकडा तेवढा पाहतो, म्हणजे नव्या गाडीचा मासिक हप्ता. आणि तो आकडा आटोक्यात दिसण्यासाठी मुदत वाढविली आहे, की जुन्या गाडीचे मोल कमी धरून नव्या गाडीवर सवलत दाखविली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. माझी कळकळीची सूचना आहे की तिन्हींचे हिशेब तीन निराळ्या कागदांवर मागावेत. नव्या कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला सर्व खर्च धरून वार्षिक दर व आकार दाखविणारे मुख्य तथ्यविवरण देणे बंधनकारक केले आहे. ते वाचल्याशिवाय सही करू नये. तसेच १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, बदलत्या व्याजदराच्या व धंद्यासाठी नसलेल्या व्यक्तिगत कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही. तथापि मोटारकर्जे बहुधा स्थिर दराची असतात, आणि त्यांना करारातील कलम लागू होते. म्हणून नवे कर्ज घेतानाच ते कलम पाहून ठेवावे, कारण पुढील अदलाबदलीची किंमत तेथेच ठरून जाते.

व्यवहाराचा क्रम असा असतो. प्रथम बँकेकडून फेडीच्या रकमेचे पत्र घ्यावयाचे. त्यावर ती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य हे लिहिलेले असते, कारण व्याज दिवसागणिक वाढते. मग व्यापारी, किंवा मालक स्वतः, ती रक्कम कर्जखात्यात भरतो. त्यानंतर बँक बेबाकी दाखला, ना-हरकत पत्र व नमुना ३५ देते, आणि ते परिवहन कार्यालयात रुजू झाल्यावर बोजा उतरतो. यातील धोक्याची जागा मधल्या दिवसांत आहे. गाडी व्यापाऱ्याच्या आवारात गेली, किल्ल्या दिल्या, पण कर्ज भरले गेले नाही, अशा अवस्थेत पुढील हप्त्याची तारीख उजाडली तर हप्ता मूळ मालकाच्याच खात्यातून जाणार, आणि खात्यात शिल्लक नसेल तर थकबाकीचा डाग त्याच्याच पतअहवालावर पडणार. सबब, रक्कम व्यापाऱ्याच्या हाती न सोपविता थेट कर्जखात्यात जाईल अशी तजवीज करावी आणि भरणा झाल्याची पावती हाती येईपर्यंत किल्ली देऊ नये. असे करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे गावच्या ओळखीचा व्यापारी म्हणजे घरचा माणूस, त्याच्याकडे पावती कशी मागावी, ही भावना फार खोल रुजलेली आहे, पण पावतीने स्नेहाला बाध येत नाही.

कर्ज फिटूनही कागद मिळण्यास महिनोन्‌महिने लागत, ही जुनी तक्रार. तिच्यावर रिझर्व्ह बँकेने २०२३ साली चांगला इलाज केला. व्यक्तिगत कर्ज, ज्यात घरगुती वापराच्या मोटारीचे कर्जही येते, पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करावे व नोंदलेला बोजा उतरवावा, आणि बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा तो नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. राष्ट्रीयीकृत बँकाच नव्हेत, तर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका व वित्तकंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. गावोगावच्या पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार खात्याच्या नियंत्रणाखाली येतात. त्यांच्याकडून कर्ज घेतलेल्याने हा भेद लक्षात ठेवून दाखल्याचा पाठपुरावा स्वतः करावा.

यापुढे जे लिहितो आहे ते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यात कुटुंबे उद्ध्वस्त होतात. हप्ते झेपेनासे झाले की मनुष्य बँकेत जाण्यास कचरतो, आणि ओळखीतला कोणी म्हणतो, “हप्ते तुमी भरू नकात, मी भरतंय, गाडी माका देवा.” मुद्रांकाच्या कागदावर नोटरीसमोर करारनामा होतो, कधी मुखत्यारपत्रही होते, वीस-पंचवीस हजार हातावर पडतात आणि गाडी निघून जाते. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत मात्र अक्षरही बदललेले नसते. बँकेवर हा करारनामा यत्किंचितही बंधनकारक नाही. नव्या माणसाने हप्ते थकविले की तगादा जुन्या ऋणकोला, जामीनदार असल्यास त्यालाही. आणि अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी जो निर्णय दिला, तो प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावा असा आहे. तेथे एकच गाडी एकामागून एक अनेक हातांत विकली गेली होती, ताबाही बदलला होता, पण नोंद मूळ मालकाच्याच नावे राहिली होती. अपघातातील पीडितांची भरपाई देण्याचे दायित्व नोंदीतील मालकावर येते, असे न्यायालयाने ठरविले. अपघातात जखमी झालेल्याने किंवा मृताच्या वारसांनी गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढीत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही, हे त्यामागील तत्त्व. गाडी तीन वर्षांपूर्वी ‘विकलेला’ मच्छीमार एके दिवशी लक्षावधी रुपयांच्या दाव्यात प्रतिवादी होतो तो असा.

आपल्या जिल्ह्यात या धोक्याला सीमेचीही जोड आहे. बांद्यापलीकडे पत्रादेवी ओलांडली की गोवा. नातीगोती, नोकऱ्या, बाजार सारे दोन्हीकडे पसरलेले, आणि गाड्याही दोन्हीकडे जातात. परराज्यात विकलेल्या गाडीसाठी नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, बोजा असल्यास बँकेची संमती लागते, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. हे सोपस्कार टाळून म्हापशाच्या बाजारात वर्षानुवर्षे फिरणारी, हप्ते थकलेली ‘एमएच ०७’ गाडी ही विक्रेता, ग्राहक आणि बँक या तिघांच्याही गळ्यातली धोंड ठरते. जप्तीच्या बाबतीत एवढे सांगितले पाहिजे की हप्ते थकल्यावर गाडी ताब्यात घेण्याचा बँकेचा हक्क न्यायालयांनी मान्य केला असला, तरी गुंड पाठवून, दमदाटी करून वसुली करण्यास सर्वोच्च न्यायालयाने आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या २००७ च्या निर्णयात स्पष्ट शब्दांत मनाई केली आहे.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारने नवे नियम लागू केले, आणि ते मूळ मालकाच्या फार हिताचे आहेत. नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकृतता घेतलेल्या व्यापाऱ्याला गाडी देताना दोघांनी मिळून नमुना २९ग संगणकीय प्रणालीवर भरावयाचा असतो. त्या क्षणापासून व्यापारी हा मानीव मालक होतो आणि गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी त्याच्या आवारात सहा महिने उभी राहिली, तरी तिच्या चुकीचे माप जुन्या मालकाच्या पदरात पडण्याचे कारण उरत नाही. व्यापारी अधिकृत आहे काय, आणि हा नमुना भरला काय, हे दोन प्रश्न विचारावयास एक मिनिट पुरते.

विम्याविषयी थोडक्यात. गाडीबरोबर विमापत्र नव्या मालकाकडे जाते, आणि त्याने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावयाचे असते. परंतु दावा न केल्याबद्दल मिळालेली सूट, जी वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत वाढत जाते, ती गाडीची नसून व्यक्तीची असते. जुनी गाडी देताना त्या सुटीचे पत्र कंपनीकडून घेतले, तर नव्या गाडीच्या विम्यात ती वापरता येते. अदलाबदलीच्या घाईत हजारो रुपयांचा हा हक्क कितीतरी लोक अजाणता सोडून देतात.

ज्या वाचकाने गेल्या काही वर्षांत आपली कर्जाऊ गाडी विकली किंवा बदलली असेल, त्याने हे प्रकरण वाचून होताच सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर तिचा क्रमांक घालून पाहावा. मालक म्हणून आपले नाव अद्याप तेथे असेल, किंवा कर्जाची नोंद उतरलेली नसेल, तर उद्याच बेबाकी दाखला आणि विक्रीचे कागद घेऊन ओरोसला जावे. कागद हरवले असल्यास आधी बँकेकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी.